दुसरा चालक खरोखर कच्चा होता का?

१९९४ च्या फॉर्म्युला वन हंगामात बेनेटन संघाने १०३ गुण मिळवले. त्यांपैकी ९२ एकट्या मायकल शूमाकरचे. तेही बंदी आणि अपात्रतेपायी त्याच्या चार शर्यती वाया गेल्या असताना. दुसऱ्या गाडीत आळीपाळीने बसलेल्या लेह्तो, योस व्हर्स्टापेन आणि हर्बर्ट या तिघांचे मिळून ११. एवढ्यावरून तिघांना सुमार ठरवणे, हे मला साधनांचे आळशी वाचन वाटते.

रोरी बर्न यांनी रेखाटलेली ती गाडी वळणावर नाक झटकन आत घाली, पण तिचा मागचा भाग निसटू पाही. ते निसटणे सावरत वेग राखणे शूमाकरला साधले होते. सुधारणाही सर्वांत वेगवान चालकाच्या सांगण्यावरून होतात; त्यामुळे गाडी त्याच्या हाती बसत जाते, सहकाऱ्याच्या हातून सुटत जाते. १९९६ मध्ये शूमाकर फेरारीत गेला. आलेसी व बर्गर हे मुरलेले चालक येऊनही बेनेटनने त्या वर्षी एकही शर्यत जिंकली नाही.

२०२४ मध्ये योसचाच मुलगा मॅक्स जगज्जेता झाला. त्याचा रेड बुल संघ मात्र तिसरा आला. आठव्या क्रमांकावरील सहकारी सर्जिओ पेरेझला हंगाम संपताच संघ सोडावा लागला.