ताप आपला, सांडपाणी तारापूरचं; जंतू मात्र दोन्हीकडे शिकतायत

पाऊस लागला की माहीम, केळवे, बोईसर सगळीकडे घराघरांत ताप. दवाखान्यात गर्दी, रोज बुडतो, म्हणून माणूस सरळ मेडिकल गाठतो. "तापावर काहीतरी स्ट्राँग द्या." तीन गोळ्यांचं पाकीट मिळतं. दोन गोळ्यांत बरं वाटलं की तिसरी डब्यात, पुढच्या वेळेसाठी.

पण सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या एकच काम करत नाहीत. जीवाणू म्हणजे एका खोलीचं घर समजा. अमोक्सिसिलिन, सेफिक्झिम ही औषधं त्या घराची भिंत बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की जीवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो. डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन जीवाणूचं प्रथिनं बनवण्याचं काम थांबवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएची नक्कल होऊ देत नाहीत, मग त्याची पैदास थांबते.

म्हणून कुठला जंतू, त्यावर औषध ठरतं. भातलावणीच्या चिखलातून होणाऱ्या लेप्टोवर वेळेत दिलेलं डॉक्सीसायक्लिन चालतं. डेंग्यू विषाणूमुळे होतो. त्याला ना भिंत, ना स्वतःचं प्रथिनं बनवायचं यंत्र. तिथे यातली कुठलीच गोळी उपयोगाची नाही.

जंतू शिकतो कसा?

औषध कमी पडलं की कमजोर जीवाणू मरतात, चिवट उरतात. कोणी पेनिसिलिन तोडणारं रसायन बनवतो, कोणी औषध बाहेर फेकतो. वाईट म्हणजे हा गुण जीवाणू शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. टीबीच्या उपचारात सुरुवातीला वेगवेगळ्या कामाची चार औषधं एकत्र देतात ती याचसाठी. एकातून सुटला तरी दुसऱ्यात सापडावा. आणि टीबीचा कोर्स मध्येच सोडणं किती महागात पडतं, हे अनेक घरांनी पाहिलंय.

म्हणजे थोडं थोडं औषध हीच जंतूची शाळा. ही शाळा फक्त आपल्या गोळ्यांच्या डब्यात भरत नाही. औषध कारखान्याच्या सांडपाण्यातून असे अंश बाहेर गेले, तर ती नाल्यात आणि खाडीतही भरते.

मोजणार कोण?

तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वांत वर होतं. खाडी आणि समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये हरित लवादात गेली. 2019 मध्ये लवादाने अंतरिम भरपाई ठरवली.

जानेवारी 2020 मध्ये केंद्राने सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट 2021 च्या अंतिम नियमांत मात्र ती मर्यादा गायब झाली. सप्टेंबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, पण त्या सूचनाच आहेत, कायदा नव्हे. आपल्या खाडीत असे अंश किती, हा प्रश्न म्हणूनच आपल्यालाच विचारावा लागेल.

आपण काय करायचं?

पाकिटावर लाल रेघ दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं 'एच-वन' यादीत आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायलाच हवं, हा 2014 पासूनचा नियम आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या घ्या. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका.

आणि पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: नाल्याच्या आणि खाडीच्या पाण्यातले अँटिबायोटिकचे अंश प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासावेत आणि अहवाल गावाला मराठीत द्यावा. डबा आपण बंद करू. नळ त्यांनी बंद करायचाय, आणि तो विचारल्याशिवाय बंद होणार नाही.