विश्लेषण : चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराला काय येतं, हे कागदावर कोण लिहितं?

अग्निपथ योजना 14 जून 2022 रोजी जाहीर झाली. नौदलाची पहिली तुकडी त्याच वर्षाच्या अखेरीस ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर दाखल झाली, तर लष्कराची पहिली तुकडी जानेवारी 2023 च्या सुमारास प्रशिक्षण केंद्रांवर पोहोचली. म्हणजे 2026 च्या अखेरीपासून या मुलांची चार वर्षं भरू लागतात. त्यांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के सेवेत कायम होतील. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी परततील. त्यांच्या हातात सुमारे 11.71 लाखांचा सेवा निधी असेल आणि कौशल्याचं एक प्रमाणपत्र.

सेवा निधीवर बरीच चर्चा झाली, प्रमाणपत्रावर फारशी नाही. काशिमीऱ्याच्या एखाद्या गोदामाच्या मालकापुढे किंवा भाईंदर पूर्वेच्या स्टील कारखान्यात तो कागद ठेवला, तर समोरच्याला त्यातून काय कळेल? लष्करात होता, म्हणजे शिस्तीचा असणार, एवढंच कळलं तर त्याला सुरक्षारक्षकाची नोकरी मिळेल. त्याहून जास्त कळायचं असेल, तर कोणीतरी प्रशिक्षण आखतानाच ते लिहून ठेवलेलं असावं लागतं. हे काम करणाऱ्याला ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ म्हणतात.

हे काम नेमकं काय असतं?

वर्गात उभा राहून शिकवतो तो प्रशिक्षक. काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने, किती वेळात, आणि शिकणाऱ्याला ते आलं हे कशावरून ओळखायचं, हे आधी ठरवतो तो डिझायनर. शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड.

एक साधं उदाहरण घेऊ. अभ्यासक्रमात ‘भांडार व्यवस्थेची ओळख’ असं लिहिलं, तर शिकणाऱ्याला काय करता येईल ते समजत नाही. त्याऐवजी ‘मागणीपत्र हातात दिल्यावर, संगणक बंद असतानाही, नोंदवहीच्या आधारे सुटा भाग वीस मिनिटांत शोधून देतो’ असं लिहिलं की चित्र बदलतं. काय शिकवायचं ते प्रशिक्षकाला कळतं, काय तपासायचं ते परीक्षकाला कळतं. आणि गोदामाच्या मालकालाही कळतं की हा माणूस आपल्या कामाचा आहे. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट मेगर यांनी 1962 मध्ये अशा उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले: प्रत्यक्ष काम, ते कोणत्या परिस्थितीत करायचं, आणि किती चांगलं झालं म्हणजे पुरे. आजही हीच फूटपट्टी वापरली जाते.

ही पद्धत आली कुठून?

मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने चौथं स्टेशन मालाड. तिथल्या मार्वे भागात आयएनएस हमला आहे. नौदलातलं रसद-पुरवठ्याचं प्रशिक्षण इथे चालतं. त्याच मालाड पश्चिमेला माइंडस्पेसची ऑफिसं आहेत. रोज सकाळी मीरा-भाईंदरची गर्दी मालाड-अंधेरीच्या अशाच ऑफिसांकडे धावत असते. वरवर पाहता या दोन जगांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ऑफिसातल्या कर्मचाऱ्याला कॉम्प्युटरवर जे सक्तीचे प्रशिक्षण-कोर्स पूर्ण करावे लागतात, त्यांची रीत मुळात लष्करी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो नवख्या मुलांना थोड्या महिन्यांत विमान, रेडिओ, तोफ हाताळायला शिकवायचं होतं. त्या कामात मानसशास्त्रज्ञ जुंपले गेले. पुढे या क्षेत्राचे आद्य अभ्यासक ठरलेले रॉबर्ट गॅन्ये त्यांच्यातलेच. 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी प्रशिक्षण आखण्याची पाच टप्प्यांची कार्यपद्धती तयार केली: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि नियंत्रण. पुढे ‘नियंत्रण’ जाऊन तिथे ‘मूल्यमापन’ आलं आणि ‘अ‍ॅडी’ या नावाने ही पद्धत जगभरच्या कंपन्यांनी उचलली. ऑनलाइन कोर्स एका संगणक-प्रणालीतून दुसरीत नेता यावा म्हणून बनलेलं ‘स्कॉर्म’ हे तांत्रिक मानकही अमेरिकी संरक्षण खात्याच्याच उपक्रमातून निघालं. त्याची 2001 ची आवृत्ती अजून सर्रास वापरात आहे. टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्ससारख्या मुंबईच्या कंपनीने हे काम नव्वदच्या दशकापासून केलं. 2018 मध्ये एमपीएस या कंपनीने तिचा व्यवसाय विकत घेतला.

या प्रवासात एक गोष्ट मात्र गळली. लष्कराचा मूळ प्रश्न ‘काम करता येतं का?’ असा होता. ऑफिसातल्या कोर्समध्ये तो ‘शेवटपर्यंत पाहिलं का?’ एवढ्यावर आला. ‘पुढे’ हे बटण दाबत चहा पिणाऱ्या कोणालाही याचा अनुभव असेल.

प्रशिक्षणाचे आठवडे कमी झाल्यावर काय वगळायचं?

अग्निवीरांच्या बाबतीत हा प्रश्न थेट येतो. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात अग्निवीरांसाठी 31 आठवड्यांचं प्रशिक्षण आखण्यात आलं: 10 आठवडे मूलभूत, 21 आठवडे पुढचं. पूर्वीच्या जवानांना मिळायचा त्यापेक्षा हा काळ कमी आहे. ‘आठवडे कमी झाले म्हणजे दर्जा घसरला’ असं टीकाकार म्हणतात, तर ‘सिम्युलेटर आणि नव्या पद्धतींनी वेळ वाचतो’ असं समर्थक म्हणतात. दोन्ही विधानं अर्धवट आहेत, कारण नेमकं काय काढलं हे कळल्याशिवाय कोणतंच सिद्ध होत नाही.

काय काढायचं हे ठरवण्याची रीत आहे. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारायचे: किती अवघड, किती महत्त्वाचं, किती वेळा करावं लागतं? सोपं आणि रोजचं काम युनिटमध्ये गेल्यावर हाताखाली शिकता येतं, त्यावर केंद्रातले दिवस घालवायला नकोत. खरी अडचण आहे क्वचित येणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या कामांची. जहाजात पाणी शिरणं ही काही रोजची गोष्ट नाही, पण शिरलं तर पुस्तक उघडायला वेळ नसतो. म्हणून लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर जहाजाच्या कक्षांसारखा सिम्युलेटर आहे. त्यात खरोखर पाणी सोडलं जातं आणि नौसैनिक ते वाढत असताना भोकं बुजवायला शिकतात. वेळ आणि पैसा कुठे ओतायचा याचं हे चांगलं उदाहरण.

संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर 2021 मध्ये सिम्युलेटरच्या वाढीव वापरासाठी धोरण-चौकट आणली. सिम्युलेटरची रचना, निर्मिती आणि देखभाल भारतीय कंपन्यांकडे असावी यावर तिचा भर आहे. पण यंत्र विकत घेणं सोपं असतं. त्यात कोणते प्रसंग घालायचे, जवान नेमका कुठे चुकतो आणि ती चूक त्याला कशी दाखवायची, हे लिहिणारी माणसं त्यामानाने थोडी आहेत.

ही माणसं कुठली?

गणवेशातली काही आहेत. लष्कराचा शिक्षण विभाग, म्हणजे आर्मी एज्युकेशन कोअर, पदवीधरांना हवालदार-शिक्षक म्हणून घेतो; त्याचं केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. नौदल आणि हवाई दलातही शिक्षण शाखेत अधिकारी होता येतं. पण प्रशिक्षण केंद्रांवर शिकवणारे बहुतेक जण लढाऊ किंवा तांत्रिक शाखांतून ठरावीक काळासाठी आलेले असतात. ते विषयात पक्के असतात, पण बदली झाली की अनुभवही त्यांच्याबरोबर जातो. मागे राहतात त्या टिपणवह्या, ज्यांना लष्करी बोलीत ‘प्रेसी’ म्हणतात.

बाहेरच्या माणसाला वाट आहे ती खासगी कंपन्यांतून. सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपन्या एक. दुसरं काम आयईटीएमचं, म्हणजे शस्त्रसामग्रीबरोबर द्याव्या लागणाऱ्या संवादी डिजिटल माहितीपुस्तिकांचं. ऑफिसातले कोर्स लिहिणाऱ्याला त्यातलं तंत्र परकं नाही. फरक असा की इथे 1923 च्या अधिकृत गुपिते कायद्याची चौकट असते, पुढच्या मुलाखतीत आपलं काम उघडून दाखवता येत नाही, आणि लिहिलेलं वाक्य संदिग्ध असेल तर त्याची किंमत यंत्रापाशी उभा असलेला माणूस मोजतो.

पदवीचं काय?

जून 2022 मध्येच शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी इग्नूमार्फत तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर केली. तिची 50 टक्के श्रेयांकं सेवेतल्या प्रशिक्षणातून धरायची आहेत, उरलेली भाषा, वाणिज्य, पर्यटन, कृषी अशा विषयांतून. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोयही आहे. दहावी झालेल्यांना बारावीचं प्रमाणपत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून मिळण्याची तरतूद आहे.

कल्पना चांगली आहे. पण अर्धी पदवी प्रशिक्षणाच्या नोंदींवर उभी राहणार असेल, तर त्या नोंदीत ‘21 आठवडे, समाधानकारक’ यापेक्षा जास्त काही असायला हवं. रेडिओ ऑपरेटर म्हणून घेतलेल्या मुलाने कोणतं उपकरण, कोणत्या बिघाडात, कोणाच्या मदतीशिवाय दुरुस्त केलं? वाहनचालकाने घाटात, रात्री, किती भार घेऊन गाडी चालवली? गुप्ततेचा भंग न करता हे लिहिता येतं. उपकरणाचं नाव नको, कामाचं वर्णन पुरे. मात्र प्रशिक्षण सुरू होण्याआधीच कोणी तसं उद्दिष्ट लिहिलं नसेल, तर चार वर्षांनी मागे वळून ते लिहिता येत नाही. तेव्हा काय तपासलं होतं याची नोंदच उरलेली नसते.