आधी ‘अहो’ की आधी ‘अरे’?

आपल्या सीमाभागातल्या घरांत मुलांना दोन भाषा बसल्या जागी येतात. आजीशी मराठी, शेजारच्या अज्जीशी कन्नड आणि दुकानात जी आधी तोंडात येईल ती. तूप आणि ‘तुप्प’, हुडकणे आणि ‘हुडुकु’, अक्का, अण्णा, अप्पा... यातले कुणाचे कुठून आले हे आपण विचारतही नाही. गदगला वाढलेल्या भीमसेन जोशींचे मराठी अभंग घराघरांत पोहोचले. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि १९७३चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेला. हे सांगताना आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

पण या अभिमानातून नकळत एक समजूत घट्ट होते. आपण दोन भाषांत नांदतो म्हणजे आपले मन मोकळे. दुजाभाव करतात ते दुसरे, राजकारणातले! ही समजूत जरा तपासून पाहायला हवी.

पंढरपूरचेच पाहा. विठ्ठलाच्या दर्शनाला मराठी आणि कानडी भाविक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र येत आले. भाषेची अडचण तिथे कुणाला वाटली नाही. तरीही अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी त्याच मंदिराचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणजे एक भिंत ओलांडली की बाकीच्या आपोआप पडतात, असे नाही. उलट, एक ओलांडल्याच्या समाधानात दुसरी दिसेनाशी होते.

आज ही दुसरी भिंत कुठे दिसते? ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाटीखाली दिसते. शिकायला किंवा नोकरीला आलेली एखादी मुलगी फोन करते तेव्हा खोली रिकामी असते. आडनाव कळले की ती ‘कालच गेली’ असते. मराठीत आपण ‘कोण लोक तुम्ही?’ म्हणून विचारतो, कन्नडमध्ये ‘याव मंदि?’ म्हणून. भाषा दोन, प्रश्न एकच. वर पुन्हा आपण म्हणतो, ‘आमचे काही नाही हो, पण शेजाऱ्यांना चालत नाही.’ शेजारीही अगदी हेच म्हणत असतात. अशी चार दारे फिरून ती मुलगी संध्याकाळी कुठे जाते, हे आपल्याला कधी कळत नाही. म्हणूनच आपला नकार आपल्याला फार मोठा वाटत नाही.

स्वतःच्या मनातला असा आकस ओळखायचा कसा? ‘मी भेदभाव करतो का?’ असे मनाला विचारून उपयोग नाही. मन ‘नाही’ असेच सांगते आणि ते खोटे बोलत नसते, त्याला खरेच ठाऊक नसते. पण आपल्या दोन्ही भाषांनी एक चांगले मोजमाप आपल्या हाती दिले आहे. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’, कन्नडमध्ये ‘नीनु’ आणि ‘नीवु’. कुणाला नुसते ‘बा’ आणि कुणाला ‘बर्रि’. अनोळखी माणूस समोर आला की यातले काय वापरायचे हे आपण क्षणात ठरवतो. खरे तर ठरवतही नाही, ते तोंडातून निघून जाते. पंचविशीतल्या बँक अधिकाऱ्याला ‘तुम्ही’ आणि साठीतल्या सफाई कामगाराला ‘तू’. परराज्यातून बांधकामावर आलेल्या माणसाला तर नाव न विचारताच ‘ए, इकडे ये’.

‘तू’ म्हणजे अपमानच, असे अर्थातच नाही. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतो. फरक ओळखायची खूण सोपी आहे. ज्याला आपण ‘तू’ म्हटले, तो आपल्याला उलट ‘तू’ म्हणाला तर चालेल का? चालत असेल तर ती जवळीक. चालत नसेल तर तो जिव्हाळ्याचा ‘तू’ नव्हे, खालच्या पायरीवर उभे करणारा ‘तू’ आहे.

वेगळ्या माणसाबद्दल प्रथम अवघडलेपण वाटणे हे काही पाप नाही. ते फार लवकर सुरू होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या दहा महिन्यांच्या बाळांना दोन बायका एकसारखीच खेळणी देऊ करत होत्या. बाळे खेळणे घेत ते बहुधा आपल्या घरची भाषा बोललेल्या बाईकडून. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने तर १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचे गट पाडले, ते म्हणे कुणाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडतात यावरून. एवढ्या किरकोळ कारणाने पडलेल्या गटातही, पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. ‘आपला’ आणि ‘परका’ ही रेघ ओढायला मनाला मोठे कारण लागत नाही. पहिली दचक आपल्या हातात नसते. तिच्या मागोमाग निघणारा शब्द मात्र आपल्या हातात असतो.

यावर कुणी म्हणेल, ‘सहवासाने हे आपोआप कमी होते.’ होते, पण कसल्याही सहवासाने नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात सहवासाच्या अटी सांगितल्या. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काम दोघांचे मिळून हवे आणि त्याला वडीलधाऱ्यांची, संस्थांची साथ हवी. आता आपल्या घरात वीस वर्षे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आठवून पाहा. सहवास रोजचा आहे. पण त्यांचा चहाचा कप अजून खिडकीत वेगळा ठेवलेला असेल, तर त्या वीस वर्षांनी आपल्याला काय शिकवले? बरोबरी नसेल तर सहवासाने अढी जात नाही, उलट ती सवयीची होऊन बसते.

दोन भाषांच्या घरांची आणखी एक खोड आहे. समोरच्या माणसाबद्दल त्याच्या देखत बोलायचे असले की आपण चटकन दुसऱ्या भाषेत शिरतो. शुद्ध मराठी पाहुणा आला की स्वयंपाकघरात कन्नड सुरू होते, कन्नड शेजारीण बसली असली की मराठी. कधी तो साधा घरगुती निरोप असतो, कधी टोमणा असतो. शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो. आणि तो सूर कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेल्या मुलांना पुरता कळतो. भाषा ही लपण्याची जागाही होऊ शकते, हे ती आपल्याकडूनच शिकतात.

बसवण्णांनी बाराव्या शतकात ‘हा कुणाचा?’ या विचारणेपलीकडे जाऊन माणसाला आपला मानायला सांगितले. कन्नड शाळेत शिकलेली आपली मुले ते वचन पाठ म्हणतात. पण पाठांतर आणि वागणूक यांची गाठ घालून देण्याचे काम शाळेचे नाही, घराचे आहे.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढेच करून पाहू. घरातल्या सर्वांनी मिळून आपण कुणाला ‘तू’ म्हणतो आणि कुणाला ‘तुम्ही’, याची यादी करायची. यादी मुलांना करू द्यावी. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मग त्या यादीत वय कुठे आडवे आले, आडनाव कुठे, अंगावरचे कपडे कुठे, ते मोकळेपणाने बोलायचे. एखाद्या नावापुढचा ‘तू’ बदलून ‘तुम्ही’ करावासा वाटला, तर दुसऱ्या दिवसापासून करावा. पहिले दोन दिवस जीभ अडखळेल. समोरचा माणूसही जरा चमकून पाहील. त्याचे ते चमकणेच आपल्याला सांगून जाईल की हा ‘तुम्ही’ त्याला किती उशिरा मिळाला.