परवानगी मिळाली, पाळणाघर कोठे?

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आमच्या किनाऱ्यापासून दूर असला, तरी आमच्या भाषेपासून दूर नाही. पैनगंगेच्या उत्तर तीरावर विदर्भ आणि दक्षिण तीरावर आदिलाबाद. नदीने राज्यांची सीमा आखली, पण मराठी तिने अडविली नाही. तेथील काळ्या मातीत कापूस पिकतो आणि हंगाम सुरू झाला की सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने धडधडू लागतात. कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीचा प्रश्न या धंद्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. शिवाय केंद्राचा कायदा तेथे तोच आणि येथेही तोच असल्यामुळे, वेर्णे-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्या आमच्या भगिनींचे हितही त्यात गुंतले आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे सत्ताविसावे कलम खास याच धंद्यासाठी होते. गाठी बांधण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस मोकळा करणारे 'ओपनर' यंत्र चालू असेल, तेथे स्त्रियांना व बालकांना कामावर ठेवू नये, असा त्याचा दंडक होता. मात्र यंत्राची दोन टोके भिंतीने विभागलेली असतील, तर ज्या बाजूने कापूस घातला जातो त्या बाजूस स्त्रीला काम करता येई. हेतू संरक्षणाचा होता याविषयी शंका नाही. पण यंत्र धोक्याचे असेल तर ते पुरुषालाही धोक्याचेच असणार. कापसाची धूळ फुप्फुसात शिरताना स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. यंत्र सुरक्षित करण्याऐवजी स्त्रीलाच दूर सारणे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. बंदी हे सर्वांत स्वस्त संरक्षण ठरले. मालकाला त्यासाठी दमडीही खर्चावी लागली नाही.

२०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी ही दृष्टी पालटली आहे. सर्व प्रकारच्या आस्थापनांत सर्व प्रकारची कामे करण्याचा हक्क स्त्रीला मिळाला. तिची संमती असेल, तर सायंकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वीही, सुरक्षिततेच्या अटींवर, तिला काम करता येईल. जेथे काम धोक्याचे वाटेल तेथे स्त्रीला नेमण्यापूर्वी पुरेशी सुरक्षासाधने पुरविण्यास सरकार मालकाला भाग पाडू शकते. या बदलाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु बंदी जशी स्वस्त होती, तशीच परवानगीही स्वस्त ठरण्याचे भय आहे. मुकादमाच्या हाताखालील हंगामी मजूर स्त्रीची 'संमती' म्हणजे काय? आज रात्रपाळीला नकार दिला तर उद्या काम मिळेल की नाही, या धास्तीतून निघालेला होकार ही संमती नव्हे. रात्री घरी पोचविणारे वाहन नसेल, स्वच्छ शौचालय नसेल आणि तान्हे मूल ठेवायला जागा नसेल, तर हक्क कागदावरच राहील.

पाळणाघराचेच पाहा. जुन्या कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामावर असल्या तरच ते बंधनकारक होते. आता स्त्री-पुरुष मिळून पन्नासांची संख्या धरली जाते. हे योग्यच झाले, कारण मूल एकट्या आईचे नसते. तथापि चाळीस कामगारांचा कारखाना यातूनही सुटतोच. अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालविण्याची वा नगरपालिकेच्या पाळणाघराचा लाभ घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे. शेजारशेजारच्या लहान कारखान्यांनीही तिचाच मार्ग धरावा. सव्वीस आठवड्यांच्या प्रसूतिरजेसाठी आदल्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते. हंगामी धंद्यात ठेकेदाराने हजेरी नीट नोंदविली नाही, तर ऐंशी दिवस राबूनही स्त्रीच्या हाती काहीच लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. आदिलाबादेत तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणारे लोक एकत्र नांदतात. पाळीच्या वेळा, मजुरीचे दर आणि तक्रार कोठे करावी याची सूचना एकाच भाषेत लावली, तर उरलेल्यांच्या दृष्टीने ती भिंत कोरीच होय. कामगाराच्या भाषेत त्याला त्याचा हक्क सांगणे यास फारसा खर्चही येत नाही.

या सोयी दिल्या तर स्त्रिया महाग होतील आणि त्यांना कोणी कामावरच घेणार नाही, असे मालकवर्ग म्हणेल. हा आक्षेप नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न असल्याचे सांगितले होते आणि तिच्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. दुसऱ्या वर्षी तो कायदा झाला. प्रश्न राष्ट्राचा असेल तर सारा बोजा एकट्या मालकावर टाकू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण तो एकट्या आईवर टाकणे त्याहून अन्यायाचे आहे.

म्हणून पुढच्या हंगामाचा कापूस बाजारात येण्यापूर्वी तेलंगणा सरकारच्या कामगार खात्याने कारखान्यांतील हजेरीपट, शौचालये, वाहने आणि पाळणाघरे प्रत्यक्ष तपासावीत. आमच्या गोव्यातील वसाहतींत तर काम बारमाही चालते. येथील सरकारने आणि उद्योजकांच्या संघटनांनी हंगामाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक वसाहतीत निदान एक सामाईक पाळणाघर आणि रात्रपाळीसाठी वाहनाची सोय, एवढ्यापासून त्यांनी आरंभ करावा.