ज्या नाण्याने काहीच विकत मिळत नाही

नाणे म्हटले की राजा, टाकसाळ, व्यापार आणि महसूल ही चौकट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. इतिहासाच्या तासालाही आपण नाण्यांकडे याच चौकटीतून पाहतो. कोणत्या राजाने ते पाडले, त्यात धातू कोणता, ते कोठवर सापडते, एवढे टिपून घेतले की आपले काम संपते. परंतु चीनमध्ये हान राजवटीपासून (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे अशीही नाणी ओतली गेली, की जी खर्चण्यासाठी नव्हतीच. ती अंगावर बाळगायची, दारावर लावायची, मुलाच्या गळ्यात बांधायची. ही 'ताईत-नाणी' म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, असे म्हणून मोकळे होण्याची आपली सवय मला घातक वाटते. सामान्य माणसाने मागे ठेवलेला पुरावाच त्यामुळे आपण फेकून देतो.

नाण्यालाच ताईत का करावे? चिनी नाणे वाटोळे आणि मध्ये चौकोनी छिद्र असलेले. आकाश वाटोळे आणि पृथ्वी चौकोनी, ही तिकडची जुनी समजूत. तेव्हा साध्या पैशातही विश्व सामावलेले होतेच. पुढे इ. स. ९५५ मध्ये उत्तर चौ राजवटीच्या सम्राट शिझोंगने तांब्याच्या टंचाईपायी मंदिरांतील बुद्धमूर्ती वितळवून नाणी पाडली. लोकांनी काय करावे? मूर्तीचे पावित्र्य नाण्यात उतरले असे मानून त्यांनी ती आजारपणात आणि बाळंतपणात जपून वापरली, आणि नंतर त्यांच्या नकलांचे ताईत केले! सम्राटाने देवाचा पैसा केला, तर लोकांनी पैशाचा पुन्हा देव केला. राजाच्या हुकमाला प्रजेने दिलेले इतके मूक उत्तर मला तरी दुसरे ठाऊक नाही.

ह्या नाण्यांची भाषा म्हणजे श्लेषाचा बाजार आहे. आपल्याकडे वटवाघूळ अशुभ. तिकडे मात्र वटवाघळाला 'फू' म्हणतात आणि सुखालाही 'फू'. हरिण 'लू', आणि सरकारी वेतनही 'लू'. मासा 'यू', आणि घरात उरणारी शिल्लकही 'यू'. कमळाला 'ल्येन' म्हणतात, आणि 'सतत' ह्या अर्थाचा शब्दही तसाच उच्चारतात. म्हणून कमळ आणि मासा एकत्र काढले की 'वर्षानुवर्षे काहीतरी शिल्लक उरो' अशी प्रार्थना होते. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही हे नाणे वाचता येत होते.

नाण्यावर पाच वटवाघळे असली, तर ती पाच सुखे समजावीत: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य व स्वास्थ्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरे करून आलेले मरण. ह्या पाचव्या सुखापाशी मी थबकतो. वेळेवर येणारे मरण हे सुख म्हणून मागावे लागते, तेव्हा अवेळी येणारे मरण किती घरांतून हिंडत असेल! मुलांच्या गळ्यातील कुलपाच्या आकाराचे ताईत हेच सांगतात. मूल ह्या जगाशी जखडून राहावे म्हणून ते कुलूप. त्यातील 'शंभर घरांचे कुलूप' तर शंभर कुटुंबांकडून थोडेथोडे पैसे गोळा करून घडवीत. त्या कुलपाने मृत्यू अडला नसेल. पण एका लेकरासाठी शंभर दारे ठोठावली गेली, हे तर खरे ना? त्याला आपण कोणत्या तोंडाने अंधश्रद्धा म्हणणार?

अर्थात, लोकांचे म्हणून सारेच गोड मानण्याचाही माझा आग्रह नाही. भूत घालविण्याच्या ताओपंथी नाण्यांवर शेवटी 'कायद्याप्रमाणे त्वरित अंमल व्हावा' अशा अर्थाची आज्ञा असते. हा मूळचा हान काळातील सरकारी कागदपत्रांचा थाट! अंमलदाराचा धाक मनात इतका मुरलेला, की भुतालाही हुकूमनाम्याच्या भाषेत दटावावे असे वाटावे.

आणि परीक्षा! 'च्वांगयुआन' म्हणजे राजदरबारच्या परीक्षेत सर्वप्रथम येणारा. मिंग आणि चिंग काळात हा मान साधारणतः तीन वर्षांतून एकदा, साऱ्या साम्राज्यात एकालाच मिळे. आणि तो आपल्या मुलाला मिळावा अशी अक्षरे असलेली नाणी मात्र घरोघरी. दुसऱ्या एका लोकप्रिय नाण्यावर पाच मुलगे आणि पाचही उत्तीर्ण, अशी इच्छा कोरलेली. परीक्षेला बसण्याचा हक्कच स्त्रियांना नव्हता. तेव्हा मुलीसाठी असली इच्छा धरणार तरी कोण? सुमारे तेराशे वर्षे चाललेली ही परीक्षापद्धती १९०५ साली बंद झाली. गुणपत्रिकेकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या पिढीने ही नाणी पाहून हसण्याआधी थोडे थांबावे. एका जागेसाठी हजारोंना उभे करणारी व्यवस्था तशीच राहिली, तर ताईत विकणाऱ्याला कधीच तोटा होत नसतो.

ह्या नाण्यांवर दोन बाजूंनी संकट आले. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीतींविरुद्ध मोहीम निघाली आणि असंख्य जुन्या वस्तू नष्ट झाल्या. दुसरे संकट आजच्या बाजाराचे. आपल्या शहरांतील दुकानांतही लाल फितीत बांधलेली तीन चिनी नाणी 'फेंगशुई' म्हणून मिळतात आणि लोक ती पाकिटात, गल्ल्यात ठेवतात. त्यांतील बहुतेक नाणी म्हणजे चिंग सम्राटांच्या साध्या चलनाच्या नकला. त्यांवर ना वटवाघूळ, ना मासा, ना कोण्या आईची इच्छा. मोहीम चालविणाऱ्याने नाणे न वाचता वितळविले. हा ग्राहक ते न वाचता विकत घेतो. माझ्या लेखी दोघांत फार अंतर नाही.

तिसरी वाट अभ्यासाची आहे, आणि ती कलाशाखेच्या विद्यार्थ्याचीच आहे. ताईतावर विश्वास ठेवू नये. पण तो बांधणाऱ्याची भीती खरी होती, एवढे तरी मानावे. राजे काय करीत होते ते चलनी नाणी सांगतील. प्रजा रात्री कशाला भीत होती आणि सकाळी काय मागत होती, हे मात्र ज्या नाण्याने काहीच विकत मिळत नाही तेच सांगेल.

(तृतीय वर्ष कला, इतिहास)