उतरायला जागा किती?



परवा रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एका तरुण पालकाने मला गाठलं. "सर, चंद्रयान-४ ला म्हणे २,१०४ कोटी! चंद्रावरची माती आणून आमच्या पोरांना काय मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. मातीचं महत्त्व शास्त्रज्ञ सांगतील. पण मुलांनी घेण्यासारखी एक गोष्ट आधीच्या दोन मोहिमांत आहे, ती मी जुना मास्तर म्हणून सांगतो.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ चा 'विक्रम' चंद्रावर आदळला. पुढे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी काय चुकलं ते जाहीरपणे सांगितलं. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, आणि यानाला त्या वेळेत सावरता आल्या नाहीत. शिवाय उतरायला जागा नेमून दिली होती जेमतेम ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद.

पुढच्या खेपेला इंजिनं चार ठेवली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उतरायचं क्षेत्र केलं ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. काय काय बिघडू शकतं, हे आधी धरूनच सगळी आखणी केली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ अलगद उतरलं. त्यातल्या २६ किलोच्या 'प्रज्ञान' गाडीने शंभर मीटर फिरून तिथल्या मातीत गंधक असल्याचं दाखवून दिलं.

आता आपल्या घरात बघू. दहावी-बारावीच्या मुलाला आपण उतरायला जागा किती देतो? नव्वद टक्के, तेही पहिल्याच खेपेत! मी तरी कुठे वेगळा होतो? चुकलेलं पान फाडून पुन्हा लिहायला लावायचो. वही छान दिसायची, पण मूल नेमकं कुठे अडलं, ते त्या फाडलेल्या पानाबरोबर केराच्या टोपलीत जायचं. याची आज रुखरुख वाटते.

चूक कबूल करणं हा तर आपल्याकडे संस्कार आहे. मग निकालाच्या दिवशी मुलांनी ती आपल्यापासून का लपवावी? "किती मिळाले?" याच्या आधी "कुठे अडलं रे?" असं विचारून बघा. त्याला पैसा लागत नाही.

— एक निवृत्त शिक्षक, ग्वाल्हेर