कच्चे मडके आणि घरचे ध्वनिमुद्रण

रॉक संगीताच्या व्यवहारात 'डेमो' नावाची एक वस्तू असते. गाणे सुचले आहे, त्याचे भाग जुळवून झाले आहेत, पण ते अद्याप पक्के ठरलेले नाही, अशा अवस्थेत ते हाताशी असलेल्या साधनांनी मुद्रित करावयाचे आणि चार वादकांना ऐकवावयाचे, एवढाच तिचा हेतू. तिची विक्री होत नाही, तिचे परीक्षण छापून येत नाही. ऐकणाऱ्याने कोठे खटकले ते सांगावे आणि करणाऱ्याने पुन्हा कामाला लागावे. साहित्याच्या अभ्यासकांना ही गोष्ट परक्या अंगणातली वाटेल. तथापि आमचे म्हणणे असे की, या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूमागे जी रीत आहे, तिची गरज आज साहित्याला अधिक आहे. ती रीत आपल्याला नवीही नाही. तिची सर्वांत ठळक कथा मराठवाड्यातल्या एका लहान जिल्ह्याशी जोडलेली आहे.

तो जिल्हा हिंगोलीचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. कयाधू नदीकाठचे नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि औंढा नागनाथही याच जिल्ह्यात आहे. या दोन गावांच्या मध्ये, नामदेवांच्या चरित्रात, गोरोबा कुंभारांच्या अंगणातला तो प्रसिद्ध प्रसंग येतो. संतमेळा जमला आहे. मुक्ताबाई गोरोबांना विचारते, हे थापटणे कशासाठी? मडके कच्चे की पक्के ते पाहण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर ती म्हणते, मग आमचीही परीक्षा करा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. बाकीचे शांत राहतात, नामदेव मात्र दुखावतात. आणि मडके कच्चे असल्याचा निर्णय होतो. विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेलेल्या नामदेवांना पुढे विसोबा खेचरांकडे जावे लागते. ती भेट औंढा नागनाथास झाली, असे परंपरा सांगते.

ही कथा बहुधा अहंकारनिरसनाची आणि गुरुमहिम्याची म्हणून सांगितली जाते. ते खरेच आहे. पण तिच्याकडे कारागिराच्या बाजूनेही पाहता येते. थापटणे हे केवळ परीक्षेचे साधन नव्हे. चाकावरून उतरवलेले मडके जाड भिंतीचे असते. ते अर्धवट सुकल्यावर कुंभार एका हाताने आतून आधार देतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून थापटतो, तेव्हा त्याला पोट येते, भिंत पातळ होते, आकार येतो. भट्टीतून निघालेल्या मडक्यावर थापटले तर ते वाजते किंवा फुटते. त्याचा आकार बदलत नाही. म्हणजे 'कच्चे' हा शब्द निंदेचा असण्यापूर्वी अवस्थेचा आहे, आणि फटक्याचा काही उपयोग होण्याची ती एकमेव अवस्था आहे. शिवाय फटका कोणाचा, हेही पाहावे. शिंप्याची परीक्षा कुंभार करतो. तो राजा नाही, पंडित नाही, दूरचा भक्तही नाही. त्याच मेळ्यातला, तोच विठ्ठल गाणारा सोबती आहे.

डेमोचे मर्म हेच आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकारात ते विशेष स्पष्ट दिसते. साठीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आलेल्या या संगीताने तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. किंग क्रिम्झन या बँडची पहिली तबकडी १९६९ची. यस या बँडची 'क्लोज टू द एज' ही १९७२ची रचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. लांब रचना, मध्येच बदलणारे ठेके, एकमेकांपासून दूर वाटणारे आणि शेवटी जुळणारे भाग असे या संगीताचे रूप. अशा रचनेत कर्त्याला स्वतःच्या कानांवर विसंबून राहता येत नाही. पाचव्या मिनिटाला ठेका बदलला तर ती योजना वाटते की चूक, अकराव्या मिनिटाला पहिले सूत्र परत आले तर ते ओळखू येते की नाही, हे त्याला कळत नाही, कारण त्याला सारे आधीच ठाऊक असते. कादंबरीकाराची अडचण याहून वेगळी नसते.

येथे एक उदाहरण द्यावेसे वाटते. १९७१ साली माइक ओल्डफील्ड नावाचा अठरा वर्षांचा तरुण लंडनमधील टॉटनहॅम येथल्या घरात एक लांबलचक वाद्यरचना मुद्रित करीत होता. टेपरेकॉर्डर दुसऱ्याचा, केव्हिन एअर्स या गायक-वादकाकडून मिळालेला. आधीचा आवाज पुसणारा भाग झाकून त्याने एकावर एक वाद्ये चढवली. हे ध्वनिमुद्रण घेऊन तो कंपन्यांकडे गेला आणि सर्वत्र नकार मिळाला. पुढे दुसऱ्याच एका गायकाच्या साथीसाठी तो ऑक्सफर्डजवळच्या 'मॅनर' या स्टुडिओत गेला असता टॉम न्यूमन आणि सायमन हेवर्थ यांनी ती टेप ऐकली. न्यूमन स्वतः संगीतकार. दोघेही ध्वनिमुद्रणाच्या कामातले. त्यांनी ती उचलून धरली आणि २५ मे १९७३ रोजी 'ट्युब्युलर बेल्स' ही व्हर्जिन कंपनीची पहिली तबकडी म्हणून प्रसिद्ध झाली. टेप तीच होती. विकणाऱ्यांना ती अपुरा माल वाटली. करणाऱ्यांना ती पुढे काय होऊ शकेल ते ऐकू आले.

त्याच वर्षीचा, १९७३चा, आणखी एक डेमो मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. तो अरुण कोलटकरांचा. कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले, गिटारही शिकले, आणि आपल्या काही इंग्रजी गाण्यांचा डेमो त्यांनी मुद्रित केला. एका मित्राने तो परदेशातल्या संगीतव्यवसायातील मंडळींपर्यंत नेला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. त्या गाण्यांचे शब्द कवीच्या मृत्यूनंतर, २००९ साली, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात आले. आता याच कवीच्या कवितेची वाटचाल पाहा. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्यासह सायक्लोस्टाइलवर काढलेला 'शब्द', पुढे काळा घोडा भागातल्या वेसाइड इनमधले मित्रांचे टेबल, हस्तलिखिते वर्षानुवर्षे जवळ ठेवण्याची सवय. कवितेला भोवती समान कामात असलेले कान मिळाले, गाण्यांना ते त्या प्रमाणात मिळाले नाहीत. केवळ त्यामुळेच गाणी मागे राहिली, असे आम्ही म्हणत नाही. पण कच्ची वस्तू थेट बाजाराकडे गेली की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येते, ही गोष्ट या दोन्ही डेमोंवरून दिसते. बाजाराकडे थापटणे नसते, तराजू असतो.

भवभूतीने आपला समानधर्मा कधीतरी, कोठेतरी जन्मेल म्हणून अनंत काळ आणि विशाल पृथ्वी यांवर भरवसा ठेवला. वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या खोलीत गाद्या उभ्या करून, मायक्रोफोनला रुमाल बांधून, संगणकावरच्या ड्रमांच्या साथीने गिटार मुद्रित करणाऱ्या मुलाने तेवढे थांबावे, असे कोणी म्हणणार नाही. साधनांची अडचण आता पूर्वीसारखी उरलेली नाही. १९७९ साली टॅस्कॅम या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे यंत्र आणले, तेव्हापासून स्टुडिओ घरात येऊ लागला. आज तो टेबलावरच्या संगणकात मावतो. अडचण कानांची आहे. मुंबईत १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला, पुण्यात बँड झाले; हिंगोलीत या जातीचे संगीत करणारा दुसरा माणूस शेजारी असेलच, असे नाही.

तरीही आमच्या मते समानधर्मा याचा अर्थ त्याच प्रकारचे संगीत करणारा, इतका अरुंद घेऊ नये. पिंक फ्लॉइडचे १९७३चे 'मनी' हे गाणे बऱ्याच अंशी सात मात्रांत चालते आणि गिटारच्या एकलवादनाशी येऊन चारांच्या चालीत पडते. 'ट्युब्युलर बेल्स'चे आरंभीचे सूत्र सात आणि आठ मिळून पंधरा मात्रांचे आहे. गावच्या भजनी मंडळात पखवाज धरणाऱ्याला रॉक ठाऊक नसेल, पण रूपकाच्या सात मात्रा त्याच्या बोटांत असतात. सम कोठे आहे आणि कोठे ती वादकाच्या हातून निसटली आहे, हे तो शहरातल्या पुष्कळ हौशी श्रोत्यांपेक्षा अचूक सांगेल. कुंभाराने शिंप्याची परीक्षा केली, ती शिवणकामाच्या ज्ञानावर नव्हे.

मग सांगणाऱ्याने सांगावे कसे? वादकांमध्ये या बाबतीत काही अलिखित संकेत आहेत. पहिला, मुद्रणाचा दोष आणि रचनेचा दोष वेगळा करावा. खोलीचा घुमारा, विजेची गुणगुण, दबलेली गिटार हे साधनांचे दोष. ते सांगून मोकळे होणे सोपे असते आणि त्याने कर्त्याचे फारसे भले होत नाही. दुसरा, जागा दाखवावी. 'मधला भाग रेंगाळतो' याला अर्थ नाही. 'चौथ्या मिनिटाला दुसरे सूत्र तिसऱ्यांदा येते, तेव्हा आम्ही ऐकणे सोडले' याला आहे. तिसरा, मत देण्याआधी काय ऐकू आले ते सांगावे, कारण पुष्कळदा कर्त्याने जे केले असे त्याला वाटते, ते ध्वनीत उतरलेलेच नसते. चौथा, ऐकणाऱ्यानेही कधीतरी आपला डेमो पुढे करावा. गोरोबांच्या अंगणात एकट्या नामदेवांची परीक्षा झाली नाही, आळीपाळीने सर्वांची झाली. आणि कर्त्यासाठी एकच: फटका बसत असताना बोलू नये. 'माइक साधा होता', 'हे अजून व्हायचे आहे', 'तुम्हांला हा प्रकार आवडत नाही' ही वाक्ये थापटणे आणि मडके यांच्यामध्ये हात घालतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सोबत्यांचे वर्तुळ पाहता पाहता कंपू होते. १९२३च्या सुमारास पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी रविकिरण मंडळ स्थापले. रविवारी जमावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकाव्यात, ही त्यांची प्रथा. तिने मराठी कवितेला काव्यवाचनाची सवय लावली, हे तिचे ऋण. पण एकाच चहाची चव साऱ्या कपांना येऊ लागते, हेही तेवढेच खरे. १९२५ साली आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून बाहेरून जो फटका मारला, तो आतल्या कोणी मारला नव्हता. तेव्हा वर्तुळ उघडे असावे, त्यात एखादा पखवाजवाला, एखादा थट्टेखोर, एखादी मुक्ताबाई असावी. ती वयाने सर्वांत लहान होती आणि परीक्षेची मागणी तिनेच केली, हे विसरू नये. दुसरे असे की 'कच्चे' एवढा निर्णय देऊन थांबणे हा निव्वळ अपमान होतो. कथेत नामदेवांना पुढे औंढ्याची वाट आहे. ज्याला कच्चे म्हटले, त्याने पुढे काय करावे, काय ऐकावे, कोणाकडे जावे, हे सांगण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते.

आता साहित्याकडे. आपल्याकडे लेखनाला फटका बसतो तो बहुधा पुस्तक निघाल्यावर. प्रकाशनसमारंभात स्तुती होते, परीक्षणात सारांश येतो, क्वचित एखादा समीक्षक खणखणीत वाजवून पाहतो. पण तोवर मडके भाजून झालेले असते. लेखकाला त्याचा उपयोग पुढच्या पुस्तकासाठी होईल तर होईल. विद्यापीठीय अभ्यासातही आपण पक्क्या संहिताच शिकवतो. ज्ञानेश्वरी कशी वाचावी हे आपण शिकवतो. वर्गातल्या विद्यार्थिनीने काल लिहिलेली, अर्धी फसलेली कथा कशी वाचावी, हे शिकवत नाही. परिणामी एम.ए. झालेला विद्यार्थी प्रसिद्ध कादंबरीवर वीस पाने लिहू शकतो, आणि मित्राने हस्तलिखित पुढे केले की 'छान आहे' म्हणून परत करतो. त्यात चांगुलपणा असेल, पण मित्राच्या वाट्याला त्यातून काहीच येत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाने महिन्यातली एक दुपार अपुऱ्या कामासाठी राखावी. नाव झालेल्या पाहुण्याला बोलावू नये, हार-नारळ नको, वृत्तांत नको. कविता, कथेचा अर्धा मसुदा, शोधनिबंधाचे न जमलेले प्रकरण, आणि कोणी घरी मुद्रित केलेले गाणे आणले तर तेही ऐकावे. विद्यार्थ्यांबरोबर अध्यापकांनीही आपले न छापलेले लेखन पुढे ठेवावे. किंबहुना पहिल्या दुपारी त्यांनीच ठेवावे. परीक्षा आळीपाळीने व्हायची असेल तर आरंभ मोठ्यांनी करणे बरे. हिंगोली जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना तर यासाठी दाखला बाहेरून आणावा लागणार नाही. नरसी आणि औंढा नागनाथ त्यांच्या शेजारीच आहेत.